ऱ्हासाची ओरड आणि कामाचा हिशेब

2025 च्या अनंत चतुर्दशीला निघालेला ‘लालबागचा राजा’ दुसऱ्या दिवशी, 7 सप्टेंबरच्या सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला आणि पाण्यातच अडकला. विसर्जनासाठी नवा यांत्रिक तराफा आणला होता. त्यावर मूर्ती चढेना, पाणी मात्र चढत गेले. हजारो भाविक जीव मुठीत धरून तासन्‌तास किनाऱ्यावर उभे राहिले. दिवस कलला, संध्याकाळ झाली आणि रात्री नऊच्या सुमारास विसर्जन पार पडले. त्याच रात्री 9 वाजून 57 मिनिटांनी खग्रास चंद्रग्रहणाचा स्पर्श होता. वेध तर दुपारीच लागले होते. मंडळाने भाविकांकडे दिलगिरी व्यक्त केली, पण तोवर वादाला तोंड फुटले होते.

वाद तीन अंगांनी पेटला. वेधकाळात विसर्जन झाल्याने श्रद्धेला धक्का बसला, असे काहींचे म्हणणे. मच्छीमारांच्या संघटनेने तशी तक्रारही केली. तराफ्याचे काम गुजरातला दिले आणि पिढ्यान्‌पिढ्या राजाला समुद्रात नेणाऱ्या इथल्या कोळ्यांना बाजूला सारले, हा दुसरा आरोप. यंत्राच्या नादी लागून परंपरा बुडाली, हा तिसरा. बघता बघता गोष्ट एका तराफ्यावरून देशाच्या अधोगतीवर गेली. धर्म सुटला म्हणून देश खाली चालला, असे एका बाजूने म्हटले गेले. धर्माचे अवडंबर माजले म्हणून देश मागे पडला, असे दुसऱ्या बाजूने. या गदारोळात भरतीच्या वेळेबद्दल बोलणारे थोडे होते.

वास्तविक प्रश्न तोच होता. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला यंत्र लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ हाती येते. 7 सप्टेंबरला पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी आठच्या सुमारास पाणी चढतीला लागलेले असणार, अकरा-साडेअकराला पूर्ण भरती आणि संध्याकाळी पाचच्या पुढे ओहोटी, हे कोळीवाड्यातला कुठलाही जाणता माणूस सांगू शकला असता. मूर्ती तराफ्यावर घ्यायची ती उथळ पाण्यात आणि तराफा उचलला जातो तो चढत्या पाण्यावर. ही सांधेजोड चुकली, की तराफा कितीही महागडा असो, अडतोच. जी तिथी पंचांगात धर्मासाठी पाहायची, तीच तिथी कोळी समुद्रासाठी पाहतो. त्याच्यापाशी श्रद्धा, निरीक्षण आणि होडी एकाच घरात नांदतात. ‘लालबागच्या राजा’चे हे मंडळ 1934 साली स्थापन झाले तेच मुळी इथल्या कोळी बांधवांच्या आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या नवसातून. पेरू चाळीचा बाजार बंद पडल्यावर त्यांना हक्काची जागा हवी होती. ज्यांनी देव बसवला त्यांचेच ज्ञान विसर्जनाच्या वेळी मोलाचे ठरू नये, ही त्या दिवसाची खरी खंत आहे.

आमचे म्हणणे हे, की समाजाचा ऱ्हास धर्माने होत नाही, यंत्रानेही होत नाही. श्रद्धा बाळगणारा, प्रश्न विचारणारा आणि हाताने काम करणारा हे तिघे एकमेकांपासून तुटले, की ऱ्हास सुरू होतो. ही माणसे जेव्हा एकत्र होती तेव्हा याच गिरगाव-दादर-परळच्या पट्ट्याने साऱ्या देशाला वाट दाखवली.

राज्य का गेले, हा प्रश्न पेशवाई बुडाल्यावर मराठी माणसाला छळू लागला. लोकहितवादींनी त्याची उत्तरे ‘शतपत्रां’तून दिली. ती 1848 पासून छापली भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ने, मुंबईत. आपल्याच समाजाचे आळस, अज्ञान आणि पोकळ कर्मकांड यांवर त्यांनी कोरडे ओढले. अनेकांना ते झोंबले, तरी छापले गेले आणि वाचले गेले. 1857 साली याच गिरगावच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी ख्रिस्ती मिशनऱ्यांसमोर उभे राहिले. वेदांचा अभिमानी हा संन्यस्त माणूस भर वाळवंटात, साऱ्या गावासमोर, परधर्मीयांचे आक्षेप ऐकून घेत होता आणि उत्तरे देत होता. तो वादविवाद दोन्ही बाजूंनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच बुवांनी पुढे 1867 साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून सगळ्यांनी मिळून पिकवावे आणि सगळ्यांनी मिळून खावे अशा राज्याची कल्पना मांडली. स्वधर्माभिमानी माणूस समतेचा विचार इतक्या पुढे नेऊ शकतो, हे आज पक्षापक्षांच्या कप्प्यांत विचार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

या चर्चेला छापखान्याचे पंख नसते तर ती वाळूतच विरली असती. मिशनऱ्यांच्या छापखान्यात शिळाछापाचे काम पाहून शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि 1831 च्या सुमारास पहिले मराठी पंचांग छापले. चरबी घातलेल्या शाईचा कागद सोवळ्यातली माणसे हाती धरीनात. गणपत कृष्णाजींनी त्यांना हिणवले नाही आणि यंत्रही सोडले नाही. त्यांनी तुपाची शाई केली. श्रद्धेचा मान राखून नवे तंत्र घराघरांत नेण्याचा याहून नेटका धडा आमच्या पाहण्यात नाही.

तसेच चित्रपटकार फाळक्यांचे. 1910-11 च्या सुमारास गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी येतील, या ध्यासाने ते पछाडले. बंगालच्या फाळणीनंतरच्या स्वदेशीचे वारे अंगात भिनलेले होते. पण ध्यासावर थांबले असते तर फाळके कुणाला आठवलेही नसते. त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, 1912 साली लंडन गाठले, कॅमेरा आणला आणि दादरला बिऱ्हाड थाटून चित्रपटाचा कारखाना मांडला. कच्च्या फिल्मला कडेने भोके पाडावी लागत. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून, चाचपडत, फुटामागून फूट फिल्मला भोके पाडीत, वर सगळ्या माणसांच्या जेवणाखाणाचे पाहत. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, त्यामागे ही अंधारातली मेहनत होती. धर्मकथा, स्वदेशीचे राजकारण आणि परदेशी यंत्र या तिन्हींचा मेळ घरातल्या बाईच्या बोटांनी घातला होता.

याच मातीत दुसराही मार्ग दिसतो. चिराबाजारचे शिवकर बापूजी तळपदे हे संस्कृतचे व्यासंगी गृहस्थ. त्यांनी 1895 साली चौपाटीवर वैदिक शास्त्राधारे विमान उडवले, अशी कथा आजही हिरिरीने सांगितली जाते. त्या उड्डाणाचा खात्रीलायक समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा आधार दिला जातो, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी 1974 साली छाननी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही 2015 च्या जानेवारीत मुंबईतल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावर प्राचीन विमानविद्येचे दावे मांडले गेले. तळपद्यांची जिज्ञासा आम्हाला आदरणीय वाटते. पारतंत्र्यात माणसाने आपल्या ग्रंथांत बळ शोधावे, हे समजण्यासारखे आहे. पण स्वतंत्र देशाने छाननीनंतरही तेच घोकत बसावे, हे समजण्यापलीकडचे आहे. ‘आमच्याकडे सगळे होते’ असे मानणारा काही नवे करण्याच्या कष्टातून सुटतो. ‘आमच्या धर्मानेच सगळे बुडवले’ एवढेच म्हणणाराही तसाच सुटतो. दोघांनाही गुन्हेगार सापडलेला असतो, काम मात्र कुणालाच सापडत नाही.

दादरने हा वाद फार उंचीवर नेऊन ठेवला होता. हिंदू कॉलनीत राजगृहात डॉ. आंबेडकर, शिवाजी पार्कला सावरकर आणि याच दादरमध्ये प्रबोधनकार ठाकरे. देश का पडला, या एकाच प्रश्नाला भिडलेली ही तीन माणसे. सावरकरांनी ‘किर्लोस्कर’मधून लिहिलेल्या विज्ञाननिष्ठ निबंधांत पोथी प्रमाण मानणाऱ्या वृत्तीवर घाव घातले. प्रबोधनकारांनी 1926 साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांच्या हक्काचा प्रश्न लावून धरला. उत्सव सार्वजनिक, तर मूर्तीपासून काही माणसे लांब का, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. आंबेडकरांनी तर मुळालाच हात घातला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने 1936 साली त्यांचे भाषण रद्द केले, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापले. भारत भूषण छापखान्यात निघालेल्या त्या पुस्तकाच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ नाकारले गेले, पण यंत्र हाती होते म्हणून विचार अडला नाही. त्यांच्या छापखान्याची वास्तू 2016 च्या जूनमध्ये दादरच्या आंबेडकर भवनासह पाडली गेली. राष्ट्राच्या अवनतीवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांना त्या रात्री वाईट वाटले?

तिघांची उत्तरे वेगळी, परस्परविरोधीही होती. पण तिघांनी लिहिले, आपल्या नावाने लिहिले, समोरच्याचे वाचून उत्तर दिले आणि स्वतःच्या माणसांना न रुचणारे बोलायला कचरले नाहीत. आजच्या वादात तंत्र शतपटीने वाढले आहे. हातातल्या फोनवर क्षणात हजारोंपर्यंत पोहोचता येते. पण पुढे ढकललेल्या मजकुराला ना लेखक असतो ना जबाबदारी. पूर्वी एक खिळा जुळवताना चार वेळा वाचले जाई. आता न वाचताच पुढे पाठवले जाते.

गिरणगावाने तर ऱ्हास पुस्तकात वाचलेला नाही, भोगलेला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मालकांनी वर्षानुवर्षे नफा काढून नेला होता, नव्या यंत्रसामग्रीत पुरेसा पैसा घातला नव्हता. संप फसला, गिरण्या बंद पडल्या. जमिनींचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी, हे 1991 च्या नियमावलीतले सूत्र 2001 च्या दुरुस्तीने केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते आकसले. चाळींच्या जागी मनोरे उठले. यात कुठल्या देवाचा कोप होता? कुठल्या यंत्राचा शाप होता? ती माणसांनी, ठरावीक खुर्च्यांवर बसून, ठरावीक तारखांना घेतलेली सरकारी आणि खासगी पावले होती. ‘काळ वाईट आला’ असे म्हटले की अशा निर्णयांचा हिशेब मागायचा राहून जातो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. गणेशोत्सव 2025 साली राज्य महोत्सव जाहीर झाला आहे, तेव्हा आता सरकारलाही अंग झटकता येणार नाही. मोठ्या मंडळांच्या विसर्जनाचे वेळापत्रक भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बेतले जावे आणि ते ठरवणाऱ्या समितीत कोळीवाड्याचे प्रतिनिधी मानाने बसवावेत. नवे यंत्र आणायचे तर जरूर आणावे, पण त्याची चाचणी उत्सवाआधी, त्याच किनाऱ्यावर आणि भरतीच्या पाण्यात व्हावी. गफलत झाली तर काय चुकले याचा अहवाल लोकांपुढे ठेवावा. भाविकांनी दिलेल्या पैशाला तेवढा हक्क आहे.

दुसरे, लालबाग-परळच्या मंडळांनी आपल्या दानपेटीतला ठरावीक वाटा विभागातल्या मुलांच्या हाताला काम शिकवण्यासाठी द्यावा. याच गिरणगावात 1887 साली गिरण्यांना तंत्रज्ञ हवेत म्हणून व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था उभी राहिली, ती आज माटुंग्याला आहे. प्लेगने मुंबई उजाड होत असताना हाफकिनने लस शोधून 1897 च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच्या नावाची संस्था परळमध्ये आहे. ज्या पोरांना ढोलाचा ताल आणि वीस फुटी मूर्तीचा तोल सांभाळता येतो, त्यांना लेथ, वेल्डिंग, प्रयोगशाळा का परकी असावी? मंडप बांधणाऱ्या कारागिरांपाशी असलेले कसब वर्षातून दहा दिवसच कामी येते, ही आपली गरिबी आहे.

तिसरे, मंडपात वाद होऊ द्यावेत. धर्माच्या बाजूचा आणि धर्मचिकित्सेच्या बाजूचा असे दोन वक्ते एकाच मंचावर, एकाच श्रोतृवर्गापुढे बोलावेत, प्रश्न घ्यावेत आणि प्राचीन असो वा अर्वाचीन, प्रत्येक दाव्याला पुरावा मागितला जावा. ज्या शहराने 1857 साली हे करून दाखवले, त्याला ते आज जड जाण्याचे कारण नाही.

देशाच्या अवनतीची चिंता करणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. ती चिंता करणाऱ्या प्रत्येकाला मात्र लोकांनी तीन प्रश्न रोखठोक विचारावेत: तुम्ही काय उभे केलेत, तुमचे म्हणणे कशावर तपासून घेतलेत आणि ज्याला आजवर बाहेर ठेवले होते अशा किती जणांना आत घेतलेत? उत्तर देता आले तर त्याचे बोलणे, कुठल्याही पक्षाचे वा पंथाचे असो, ऐकून घ्यावे. उत्तर नसेल तर त्याच्या हाती मत देऊ नये, वर्गणी देऊ नये आणि आपली मुले तर मुळीच देऊ नयेत.