एका खाचेवर आटे पडत नाहीत!

घरच्या सीएनसी लेथवर आटे पाडायचे म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: "स्पिंडलवर चकती लाव, एक खाच पाड, एक ऑप्टिकल सेन्सर बसव. झालं काम!" नाही हो, झालं नाही.

आटे एका कटमध्ये होत नाहीत. प्रत्येक कट स्पिंडलच्या त्याच कोनावर सुरू व्हावा लागतो, आणि तेवढं ती खाच इमानदारीत सांगते. पण पुढे? टूल घुसलं की छोटी मोटर दमते. एम१० बोल्टची पिच १.५ मिमी. स्पिंडल ५ टक्के मंदावलं आणि टूल जुन्याच वेगाने पळालं, तर त्या फेऱ्यात साधारण ०.०८ मिमीचा घोळ. पुढची खाच येईपर्यंत कंट्रोलरला पत्ताच नाही. म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे! मोटर भारी असेल तर मॅक३ एका खाचेवर चालून जातं, मान्य. पण हौशी लोकांकडे भारी मोटर असते कुठे?

लिनक्ससीएनसीचे जी३३ आणि जी७६ वेगाचा अंदाज न बांधता स्पिंडलच्या जागेमागे जातात. त्यासाठी १०० खाचांची चकती, पाव टप्पा सरकवलेले दोन सेन्सर आणि सुरुवातीच्या खुणेसाठी तिसरा. फेऱ्याला ४०० मोजण्या, ६०० आरपीएमला सेकंदाला ४०००. पॅरलल पोर्टलाही हे झेपतं. हजार खाचांचा हव्यास मात्र नको, ४०,००० मोजताना तोच पोर्ट गाळायला लागेल.

असो. दोन सेन्सर वाचवून बोल्ट भंगारात टाकायचे असतील, तर खुशाल टाका!