निनावी कवकांची शिरगणती

मोजण्याचे साधन सुधारले की ज्ञान आपोआप वाढते, अशी समजूत सर्वच शास्त्रांत आढळते. अर्थशास्त्रात तिचा फोलपणा अनेकदा प्रत्ययास आला आहे; कवकशास्त्रात आज तोच अनुभव येत आहे. कवके, म्हणजे सामान्यतः ज्यांस बुरशी म्हणतात ते जीव, माती, पाणी, कुजके लाकूड आणि झाडांची मुळे अशा सर्व ठिकाणी वास्तव्य करतात. त्यांचा अभ्यास करण्याची रेणवीय साधने गेल्या साडेतीन दशकांत विलक्षण प्रगत झाली. परंतु त्या साधनांनी जे उजेडात आणले त्यास नाव देणारी व्यवस्था मात्र मागे राहिली. हा शास्त्रज्ञांचा घरगुती प्रश्न नव्हे. सार्वजनिक पैसा कोठे खर्च व्हावा, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

पूर्वी कवकांची गणना दोन मार्गांनी होत असे. जमिनीवर उगवणारी भूछत्रे वेचणे हा एक आणि प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत बुरशी वाढविणे हा दुसरा. दोन्ही मार्ग अपुरे होते, कारण कवकाचे बहुतेक आयुष्य सूक्ष्म तंतूंच्या रूपाने दृष्टीआड जाते आणि असंख्य कवके बशीत वाढतच नाहीत. १९९० साली टॉमस व्हाइट, टॉमस ब्रन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कवकांच्या डीएनएमधील 'आयटीएस' ह्या लहानशा खंडाच्या प्रती काढण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली आणि चित्र पालटले. मोनिक गार्ड व ब्रन्स यांनी कॅलिफोर्नियातील एका पाइन वनात ती वापरून १९९६ साली जो निष्कर्ष मांडला तो मार्मिक आहे. तेथे ज्या कवकाची भूछत्रे जमिनीवर सर्वांत विपुल होती ते मुळांवर क्वचितच सापडले; उलट मुळांवर ज्यांचे राज्य होते त्यांची भूछत्रे वर फारशी दिसतच नव्हती. बाजारातील दुकानांच्या पाट्या मोजून देशाचे उत्पन्न ठरवावे, तशीच पूर्वीची गणना होती!

पुढे २०१२ साली ह्याच खंडास कवकांची सर्वमान्य ओळखखूण म्हणून मान्यता मिळाली. यंत्रे इतकी वेगवान झाली की चिमूटभर मातीतून हजारो क्रम एका दमात वाचता येऊ लागले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जगभरच्या ३६५ स्थळांची माती अशा रीतीने तपासली गेली. पृथ्वीवर कवकांच्या बावीस ते अडतीस लक्ष जाती असाव्यात, असा अंदाज २०१७ साली मांडण्यात आला. नावनिशीवार वर्णन झालेल्या जाती मात्र सुमारे दीड लक्षच आहेत.

अडचण येथेच सुरू होते. यंत्र देते ती अक्षरांची एक ओळ. ती ओळ कोणत्या जीवाची, हे कळण्यासाठी आधी नीट ओळखलेल्या नमुन्याच्या क्रमाशी ती जुळवून पाहावी लागते. तो मूळ क्रमच चुकीच्या नावाखाली नोंदलेला असेल, तर चूक पुढे चक्रवाढीने वाढत जाते. सार्वजनिक संग्रहांतील कवकांच्या क्रमांपैकी सुमारे वीस टक्क्यांपर्यंत नोंदींत जातीचे नाव चुकले असावे, असे २००६ सालच्या एका तपासणीत आढळले होते. शिवाय आयटीएस खंड सर्वत्र सारखा उपयोगी पडत नाही. तुरीवरील मर रोगास कारण होणारे फ्युसॅरियम किंवा शेतकरी बीजप्रक्रियेसाठी वापरतात ते ट्रायकोडर्मा ह्यांच्या जवळजवळच्या जाती त्यावरून निश्चित वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी दुसरी जनुके तपासावी लागतात. क्रमांची संख्या म्हणजे कवकांची संख्या, असेही नव्हे. कारण ह्या खंडाच्या प्रती निरनिराळ्या कवकांत कमीअधिक असतात आणि मृत कवकांचा डीएनएही काही काळ मातीत टिकून राहतो.

ह्यावर असा युक्तिवाद केला जातो की, नावांचा हा हट्ट जुनाट आहे. एस्टोनियातील तार्तू येथून चालणाऱ्या 'युनाइट' ह्या संग्रहात अनामिक क्रमांच्या गटांनाही सांकेतिक क्रमांक मिळतात आणि तेवढ्यावर दोन जंगलांची तुलना करता येते. हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु कोणते कवक पिकास घातक, कोणते विषारी, कोणते औषधोपयोगी, ही सारी माहिती नावाखाली साठविलेली असते. सांकेतिक क्रमांक कवकाचा पत्ता सांगतो, स्वभाव सांगत नाही. मातीतील एका मोठ्या कवकवर्गाचे क्रम अनेक वर्षे ठिकठिकाणी आढळत होते. त्यातील एक कवक वाढविण्यात यश आले, तेव्हाच २०११ साली त्यास 'आर्किओरायझोमायसीस' हे नाव व वर्णन लाभले. केवळ क्रमाच्या आधारे नाव देण्याची सूचना २०१८ साली सॅन हुआन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे आली होती. तीही संमत झाली नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर यंत्र आणि नमुनासंग्रह ह्या परस्परपूरक वस्तू आहेत. एकीवाचून दुसरीचे मोल घटते. यंत्राची किंमत उतरत जाते, तज्ज्ञ नजर मात्र दुर्मिळ होत जाते. संग्रहाचा लाभ सर्वांना मिळतो म्हणूनच तो सांभाळण्याचा खर्च कोणी एक खाजगी संस्था उचलीत नाही. ही जबाबदारी शासनाचीच होय. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ह्या कामाचा पाया येथे घातला गेलेला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाने उभा राहिलेला शुष्क नमुन्यांचा संग्रह आहे आणि जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रहही तेथेच आहे. अशा संस्थांस यंत्राइतकीच कायम पदांची गरज असते, कारण कवक ओळखण्याची विद्या तीन वर्षांच्या प्रकल्पात शिकता येत नाही.

तेव्हा माती वाचण्याच्या प्रत्येक प्रकल्पास अनुदान देताना त्यातील काही हिस्सा नमुने जमा करण्यासाठी आणि ते ओळखणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवणे बंधनकारक करावे. सह्याद्रीच्या कुशीतील महाविद्यालयांनी पावसाळी सहलींत गोळा केलेली भूछत्रे वाळवून, स्थळ व तारीख नोंदवून संग्रहाकडे पाठविली, तर अल्प खर्चात मोठे काम होईल. खानेसुमारीत माणसे मोजली जातात ती त्यांना नाव-गाव असते म्हणून. कवकांची शिरगणती सुरू झाली आहे. त्यांच्या नावांची तजवीज आता व्हावयास हवी.