पांढरीफटक

"काय गं, अशी पांढरीफटक का पडलीस?" हे नांदेडच्या गल्लीत ऐका की लातूरच्या बाजारात, पोरगी एक तर भ्याली आहे नाहीतर आजारी आहे, एवढे कळते. हाच पांढरा शब्द आपल्या खेड्यांत मातीलाही लावतात. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. आणि कपड्याला माती न लागता पोट भरतो तो पांढरपेशा. त्यात आम्ही कारकून मंडळीही आलो, पगार कितीही तोकडा असो.

साडीचा रंग फिकट, साखर कमी पडलेला चहा फिका. माणसाच्या फिकेपणाला मात्र वैद्यांनी नावच दिले, पांडुरोग. हा पांडू पालीतही आहे. धम्मपदाच्या मलवग्गात पिकून गळायला आलेल्या पानाला 'पण्डुपलास' म्हटले आहे. म्हणजे हा चुन्यासारखा पांढरा नव्हे, सुकत चाललेला पिवळट रंग. आपल्या आयाबाया मात्र सरळ सांगतात, अंगात रगत नाही.

ते खरेच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 54 जणींना रक्तक्षय आढळला. इतक्या जणी पांढऱ्या पडल्या आणि घरात कुणाला दिसले कसे नाही? कारण सावळ्या कातडीवर हा फिकेपणा गालावर दिसत नाही. आणि पोरगी जरा गोरट असली की पाहुण्या बायका म्हणतात, "उजळली गं!" लग्नाच्या बाजारात गोरेपणाला एवढा भाव आहे की तिथे आजारही रूप म्हणून खपतो. 2020 साली 'फेअर अँड लव्हली' क्रीमने आपल्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. पाहुण्यांच्या तोंडचा 'उजळ' काही गेला नाही.

तेव्हा माता-भगिनींनो, गाल पाहू नका. खालची पापणी ओढून आतला भाग पाहा, जीभ आणि तळहात पाहा. तिथे लाली हवी. थोडे चालले की धाप लागते, खडू-माती खावीशी वाटते, हेही रक्त कमी असल्याचे लक्षण असू शकते. मग आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचे 12 च्या खाली, गरोदर असेल तर 11 च्या खाली गेले की कमी समजतात. शाळेत मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाचीच असते, ती दप्तरात पडून राहू देऊ नका. गोळीने शौचास काळे होते, त्याला भिऊ नये. गोळीवर आणि जेवणावर लगेच चहा मात्र नको. चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागते.

खाण्यात हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा असू द्या, कारळाची चटणी असू द्या. कलेजी आणि रक्ती खाण्याची लाज आपल्याला वाटायला लावली गेली, पण त्यातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा लवकर अंगी लागते. फक्त वाटी भरताना आधी बाप्यांचे ताट भरून बाईला नुसता रस्सा उरवू नका.

तपासणीला जाताना सासूबाईंनाही सोबत न्या. त्यांची पापणी बहुधा आजवर कुणी ओढून पाहिलेलीच नसते.