कासवं पाहायला जायचं, पण मुक्काम कुठं करायचा?



हरभरा घरात आला, गहू सोंगून झाला, की आपल्या चिखली भागात पेरणीपर्यंत जरा उसंत मिळते. नांगरटी, लग्नं अन् ऊन, एवढंच काम. मार्च उजाडला की मला हमखास फोन येतात, "दादा, तुम्ही कोकणात कासवं पाहून आले म्हणे, राह्यले कुठी?" दहा जणांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. थोडं लांबेल, वाचून घ्या.

पहिल्यांदा जायचं ठरवलं तेव्हा आबा म्हणाले, "रातभर जागल करून रोही हाकलतो आपण, अन् तू पैसे देऊन जनावरं पाहाले चालला?" बोलणं खोटं नव्हतं. त्याच हंगामात आमच्या दोन एकर हरभऱ्यात घाटे भरायच्या वेळेला रोह्यांचा कळप घुसला होता. पंचनामा झाला, हाती जे आलं त्यात पुढच्या वर्षीचं बियाणंही धड बसलं नाही. आपल्यासारख्याला वन्यजीव हा शब्द ऐकला की आधी तारेचं कुंपण आठवतं. तरी गेलो. पोरांनी समुद्र पाहिला नव्हता, अन् खरं सांगायचं तर मीही नीट पाहिला नव्हता.

त्या पहिल्या वेळेला फसलो. मोबाईलवर फोटो पाहून किनाऱ्यावरचं एक मोठं रिसॉर्ट धरलं. फाटकातून बाहेर पाऊल टाकलं की वाळू. आम्ही खूश. संध्याकाळ झाली अन् वाळूवर हॅलोजन लागले, डीजे सुरू झाला, रात्री बारापर्यंत तेच. सकाळी काउंटरवरच्या पोराला विचारलं, कासवं कुठं दिसतात? तो म्हणे, इथं नाही येत. येतील कशी? मादी अंधार अन् शांतता पाहून रात्री वर चढते. पिल्लू वाळूतून निघालं की जिकडं उजेड जास्त तिकडं पळतं. पूर्वीपासून तो उजेड समुद्राचा, पाण्यावरच्या आभाळाचा. आता हॅलोजनचा. पिल्लू पाण्याकडं पाठ करून हॉटेलकडं चालू लागतं अन् सकाळी कावळ्याच्या तोंडी जातं. म्हणजे जे पाहायला आपण गेलो, ते आपल्याच मुक्कामानं बंद पाडलेलं.

दुसऱ्या वर्षी वेळासला गेलो. रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका, बाणकोटजवळचं गाव. नाना फडणवीसांचं गाव म्हणून शाळेत नाव ऐकलेलं. इथं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे अन् त्यांच्या सोबत्यांनी, २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी उकरून खायची अन् विकायची अशी रीत होती. १९७२ च्या कायद्यात बंदी आहे, पण कायदा काही रात्री दोन वाजता वाळूवर उभा राहत नाही. उभी राहिली ती गावातली माणसं. पुढं कासव महोत्सव सुरू झाला, लोक पाहायला येऊ लागले, अन् गावानं हॉटेल न बांधता आपापल्या घरात पाहुणे ठेवायला घेतले.

आता थोडं तांत्रिक, कारण आपल्यातल्या कृषी पदवीवाल्यांना हे आवडेल. मादी एका वेळेला शंभर-सव्वाशे अंडी घालते, दीडेक फूट खोल खड्ड्यात. कासवमित्र पहाटे किनारा चालून तिच्या चालण्याच्या खुणा शोधतात, अंडी अलगद काढतात अन् जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीच्या, तशाच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. प्रत्येक घरट्यावर तारीख अन् अंड्यांची संख्या. आपण पेरणीची तारीख अन् वाण पाटीवर लिहितो ना, हुबेहूब तसं. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. किती अंडी ठेवली, किती फुटली, याचाही हिशोब असतो. मला तर ते उगवणशक्तीची चाचणी घेतल्यासारखंच वाटलं. अजून एक गंमत, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड असली तर नर जास्त. उन्हाळा दरवर्षी वाढत चाललाय, त्याचा परिणाम तूर-कपाशीवरच होतो असं नाही.

सकाळी सातच्या सुमारास अन् सूर्य मावळायच्या आधी टोपली उघडतात. पिल्लं निघाली असतील तर दोरीच्या अलीकडं आपण बसायचं, पलीकडून ती समुद्राकडं जातात. आम्हाला पहिल्या सकाळी काहीच दिसलं नाही. संध्याकाळी सहा पिल्लं. तळहाताएवढीही नाहीत. एक पिल्लू पायाच्या ठशात अडकलं, निघालं, पुन्हा पुढच्या ठशात अडकलं. माझा पोरगा, जो एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही, तो अर्धा तास हलला नाही.

ज्यांच्या घरी उतरलो ते काका साठीचे. मागं आंब्याची कलमं, पोफळीची बाग. राहायला एक मोठी खोली, जमिनीवर गाद्या, बाथरूम अंगणात. जेवण त्यांच्याच चुलीवरचं, भात-आमटी, सोलकढी. रात्री ओटीवर बसलो तेव्हा मी आपलं रोह्याचं रडगाणं गायलं. काका हसले अन् म्हणाले, "तुमचे रोही, आमचे वानर. निम्मा आंबा तेच खातात. कासवाने आम्हाला पाहुणे दिले, वानराने काय दिलं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. इथं प्राण्यावर माया करा म्हणून कुणी प्रवचन दिलेलं नाही. अंडी विकून एका घराला एकदा चार पैसे मिळायचे, अंडी राखून बऱ्याच घरांना दर हंगामाला मिळतात. म्हणून राखली जातात. अन् हे पैसे नेमके कुणाच्या हातात पडतात, ते आपण मुक्काम कुठं करतो यावर ठरतं. दिवसभर वेळासला कासवं पाहायची अन् झोपायला दुसरीकडच्या एसी रिसॉर्टवर जायचं, हे मला पटत नाही. राखण एकानं करायची अन् बिल दुसऱ्यानं घ्यायचं. बाजार समितीत आपल्यासोबत हेच होतं तेव्हा आपण किती बोंबलतो!

गावातलं राहणं सगळ्यांना जमेल असंही नाही, तेही सांगतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरची गादी त्रासाची. गावातून किनारा पंधरा-वीस मिनिटं पायी आहे, अन् परतीचं चालणं अंधारात. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी एवढी की पाच पिल्लांमागं दोनशे माणसं. आपल्याला रविवार नसतो, हा इथं आपला फायदा, मंगळवारी-बुधवारी जा. एक रात्र धरून जाऊ नका, किमान दोन धरा. पिल्लं आपल्या सुटीची तारीख पाहून निघत नाहीत. फोन करताना घरमालक तिथंच राहतो का हे आधी विचारा. मग कुठलं घरटं फुटायला आलंय ते विचारा. खरा गावकरी "नक्की दिसतील" असं कधीच म्हणणार नाही. जो नक्की म्हणतो त्याच्याकडं जाऊ नका, आपल्याकडं पावसाचं नक्की सांगणाऱ्यासारखाच तो.

वाट सांगतो. जालना, संभाजीनगर, पुणे, मग ताम्हिणीतून माणगाव. तिथून म्हसळा-हरिहरेश्वर करून बागमांडल्याला या, सावित्रीच्या खाडीतून फेरीबोटीत गाडी चढवून वेशवीला उतरा. पोरांना ती बोटच कासवापेक्षा जास्त आवडली. साडेपाचशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, पुण्यात एक मुक्काम टाका. परतताना दापोलीचं कृषी विद्यापीठ चुकवू नका.

वेळासला जागा नसेल तर दापोली तालुक्यातलं आंजर्ले आहे, तिथंही घरटी राखतात. खाली सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः नाव वल्हवत कांदळवन दाखवतात. हंगाम कासवांचा नसेल तेव्हा मी तिकडं जाईन. डॉल्फिनच्या बोटींबद्दल मात्र माझं मत वाईट झालंय. चार-चार इंजिनं एका कळपामागं लागतात. नावाड्याला आधीच सांगा, मागं धावू नको, लांब उभा राहा.

आता आपल्याकडचं. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक पट्टेरी वाघ हजार किलोमीटरच्या वर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता, आठवतं ना? पेपरात फोटो, टीव्हीवर बातम्या. अभयारण्याला लागून असलेल्या किती गावांत त्यामुळं एक तरी पाहुणा जेवला? मला तरी असं घर माहीत नाही. अस्वल, बिबट, रोही सगळं आपल्या उशाशी, अन् आपल्या वाट्याला फक्त जागल. लोणार पाहायला देशभरातून माणसं येतात, पाहतात अन् मुक्कामाला संभाजीनगर गाठतात.

रोही पाहायला कुणी पैसे देईल असं मला वाटत नाही, अन् घाटे खाणारं जनावर पाहुण्याच्या एका ताटानं माफ होईल असंही नाही. भरपाई वेळेवर अन् पुरेशी मिळाली पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण ज्ञानगंगेच्या बाजूला दोन-चार घरांनी खोली झाडून, भाकर-ठेचा अन् शेगावला जाणाऱ्या भाविकांचा रस्ता धरून सुरुवात करून पाहायला काय हरकत आहे? बोथा घाटाकडच्या कुणाचा असा विचार असेल तर मला कळवा. वेळासच्या काकांचं गणित मी त्यांना विचारून ठेवलंय, खोलीपासून जेवणाच्या ताटापर्यंत.

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत जातोय. आबा येतो म्हणालेत. त्यांच्यासाठी खाट मिळेल का, ते आज रात्री फोन करून विचारायचंय, अन् चार दिवस गोठ्याकडं कोण पाहणार तेही अजून ठरायचंय.