पाखरांची शिरगणती

तापीमाई खानदेश ओलांडून सुरतेस येते, आणि तिच्याच वाटेने हजारो मराठी कुटुंबेही पोटासाठी सुरतेस आली. उधना-लिंबायत भागातील यंत्रमागांवर त्यांच्या पिढ्या खपल्या. अन्नासाठी मुलूख सोडणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावयास नको. हिवाळ्यात मध्य आशिया व सैबेरियातून येणारे पाणपक्षीही याच कारणाने येतात. जानेवारीत त्यांची शिरगणती होते. तीत सुरतेच्या मराठी बांधवांनी स्वेच्छेने सामील व्हावे, असे आम्हांस आग्रहाने सुचवावयाचे आहे.

आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ साली सुरू झाली. पक्षी या काळात हिवाळी मुक्कामी स्थिरावलेले असतात, म्हणून जानेवारी महिना ठरलेला. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या कामी पुढाकार घेते; परंतु तळ्याकाठी उभे राहून मोजणारी माणसे बहुतांशी बिनपगारी स्वयंसेवकच असतात.

यातून काय साधते, असा प्रश्न व्यवहारी सुरतेत विचारला जाणारच. उत्तरही व्यवहाराचेच आहे. १९७१ च्या रामसर कराराप्रमाणे, जेथे नियमितपणे २०,००० पाणपक्षी उतरतात, अथवा एखाद्या जातीच्या समुदायापैकी एक टक्का पक्षी आढळतात, ती पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. भारत १९८२ मध्ये या करारात सामील झाला. म्हणजे आकडा हाच पाखरांचा सातबारा. गवियरसारखे तळे किंवा तापीच्या मुखाशी ओहोटीला उघडा पडणारा चिखल एवढा आकडा कदाचित गाठणार नाही. परंतु कोणत्याही पाणथळीवर ‘पडीक’ असा शिक्का बसून भराव पडू लागला, की तिच्या बाजूने बोलावयास वर्षानुवर्षांच्या नोंदींइतका भक्कम साक्षीदार दुसरा नसतो.

या कामाला विद्वत्ता लागत नाही. लागते ती चिकाटी. शेकाट्या, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही नावे दोन सकाळींत ओळखीची होतात. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी तर मराठी माणसास नावानेच आपला वाटेल. नवख्याने जाणत्याशेजारी उभे राहून टिपण घ्यावे. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून तेवढा भाग नजरेत धरावा आणि त्या मापाने सारा थवा मापावा. खाडीकाठी भरतीची वेळ साधावी, कारण चिखलावर पांगलेली पाखरे तेव्हा एकत्र येतात. जागा मात्र दरवर्षी तीच असावी. उत्साहाच्या भरात आकडा फुगवू नये, आणि तळे रिकामे आढळल्यास शून्य लिहिण्यास कचरू नये. त्या शून्याइतकी बोलकी नोंद दुसरी नाही.

नुसत्या मोजण्याने पाखरू वाचत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. पण जमेची वहीच नसेल तर तूट कळणार कशी? वारावाराचा हिशेब ठेवणाऱ्या कापडनगरीस हे पटावयास हवे.

गणनेचे दिवस संक्रांतीच्या आसपास येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली. तरी त्या दिवसांत दोऱ्याने पंख कापलेली पाखरे दिसतातच. पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढून त्याची वाट पाहणारा आपला समाज आहे. त्याने असा दोरा हाती धरू नये, आणि जानेवारीची एक सकाळ या दूरच्या पाहुण्यांना द्यावी, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.