जंतनाशक पाजायचे कोणाला, आईला की पिल्लाला? आधी जंताची वाट ओळखा

पंधरा-वीस दिवसांचे पारडू मातकट, घाण वासाची हगवण करू लागते. पोट सुटते, केस राठ होतात. ‘दूध जास्त झाले असेल’ म्हणून दोन दिवस वाट पाहिली जाते आणि पारडू हातचे जाते. यातले बरेच मृत्यू टाळता येतात, असे माझे मत आहे. त्यासाठी जंत आला कुठून, हे आधी पाहायला हवे.

पारडात जंत कसा येतो?

‘टॉक्सोकॅरा व्हिट्युलोरम’ या गोलकृमीच्या अळ्या म्हशीच्या शरीरात सुप्त राहतात. ती व्यायल्यावर त्या दुधातून पारडाच्या पोटात जातात. साधारण तीन आठवड्यांत जंत मोठे होऊन शेणातून अंडी पडू लागतात. म्हशीला औषध पाजले तरी दडलेल्या अळ्यांवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून औषध पारडालाच हवे, वयाच्या १० ते १६ दिवसांदरम्यान. गाईच्या वासरालाही हाच नियम. मात्र जंताच्या भीतीने चीक तोडू नका. रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच मिळते.

डुकरांत वेगळे काय?

‘अ‍ॅस्केरिस सुअम’ हा डुकरांतला गोलकृमी दुधातून येत नाही. त्याची मादी दिवसाला लाखाहून अधिक अंडी घालते. ती विष्ठेतून जमिनीवर पडतात, डुकरिणीच्या सडांना चिकटतात आणि मातीत कित्येक वर्षे टिकतात. इथे औषध आईला द्यायचे, विण्याच्या एक-दोन आठवडे आधी. मग तिला धुऊन स्वच्छ कप्प्यात न्यायचे.

चूक कुठे होते?

आपले जंतनिर्मूलन पावसाळ्याआधी आणि नंतर, असे दिनदर्शिकेवर चालते. मोठ्या जनावरांना ते ठीक; पण पारडू दिनदर्शिका पाहून जन्मत नाही. दुसरी चूक अंदाजे मात्रेची. कमी मात्रेतून वाचलेले जंत पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून मात्रा वजनावर ठरवा आणि मोठ्या जनावराचे शेण आधी दवाखान्यात तपासून घ्या.

पारडासाठी मात्र शेणात अंडी दिसेपर्यंत थांबू नका. म्हैस व्यायली की गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारीख लिहा. शेजारी दहाव्या दिवसाची तारीख लिहा आणि त्या दिवशी पशुवैद्यकाला फोन करा. या कामाला खर्च खडूच्या तुकड्याचा, वाचते ते उद्याचे दुभते जनावर.