गुणायचं की भागायचं?

काल शनिवारी सकाळी (म्हणजे माझी सकाळ, बाकी जगात साडेअकरा वाजले होते) ताईच्या लेकीचा फोन आला. भाची आठवीत आहे. गणिताच्या वर्कशीटचा फोटो व्हॉट्सअपवर आधीच येऊन पडला होता. "ए मामा, यात गुणायचं की भागायचं एवढंच सांग. बाकी मी करते."

गणित असं होतं: एका कुटुंबाने ८५,००० रुपयांचे डॉलर घेतले. १ डॉलर = ८५ रुपये. प्रवासात ३५० डॉलर खर्च झाले. उरलेल्या डॉलरचे परत रुपये केले, तर किती मिळतील?

सोपं आहे. आधी भागायचं, हजार डॉलर आले. ३५० वजा केले, ६५० उरले. मग गुणायचं, ५५,२५० रुपये. मी तिला म्हटलं, पाठ करू नकोस, सरळ त्रैराशिक मांड. एका डॉलरला इतके तर इतक्या डॉलरना किती. रुपयांचा आकडा डॉलरपेक्षा मोठा यायलाच हवा, लहान आला तर उलटं केलंयस. दोन मिनिटांत तिचं झालंसुद्धा.

माझं डोकं मात्र दिवसभर तिथेच अडकून बसलं. कारण त्या गणितातलं '=' हे चिन्ह खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे कळायला आमच्या घरचे जवळजवळ सात हजार रुपये गेलेत.

गोष्ट २०१९ ची. इंजिनियरिंग नुकतं संपलं होतं आणि सगळ्यांसारखं मलाही एमएसचं वेड होतं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जागा पक्की करायचे २,००० डॉलर पाठवले. बाबांनी त्यासाठी एफडी मोडली. बँकेने डॉलर लावला ७२.४० ने, म्हणजे १,४४,८०० रुपये. नोव्हेंबरमध्ये व्हिसा नाकारला गेला. विद्यापीठ सज्जन निघालं, सगळे २,००० डॉलर परत पाठवले. डिसेंबरमध्ये बाबांच्या खात्यात जमा झाले १,३७,८५५ रुपये.

बाबा पासबुक घेऊन माझ्यासमोर बसले. "अरे, दोन हजार भरले, दोन हजार परत दिले म्हणतोस. पेपरात डॉलरही होता तिथेच आहे. मग हे कमी कसे?"

बारावीला गणितात ९८ मार्क, इंजिनियरिंगला एम-थ्री पहिल्या फटक्यात सुटलेला, असा मी. उत्तर काय दिलं? "बँकेचे काहीतरी चार्जेस असतील." बाबा काही बोलले नाहीत. व्हिसा गेल्याचं दुःख एकीकडे, पण त्या वेळी खरी लाज वाटली ती या वाक्याची.

हिशोब खरं तर आठवीच्या पोराला जमेल इतका आहे. वाटेतल्या कुठल्यातरी मधल्या बँकेने २५ डॉलर कापले. ते आम्ही ७२.४० ने घेतले होते, म्हणजे १,८१० रुपये गेले. उरलेले १,९७५ डॉलर बँकेने परत घेतले ६९.८० ने. प्रत्येक डॉलरमागे २.६० रुपये तूट, म्हणजे ५,१३५ रुपये. बेरीज ६,९४५. पैशाला पैसा जुळतो. फसवणूक कुणीच केली नव्हती. मला फक्त एका चलनाचे दर दोन असतात हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता भाचीचंच गणित दोन दरांनी करून बघा. बँक डॉलर विकते ८७ ला, घेते ८३ ला. ८५,००० रुपयांत ९७७ डॉलर येतात (८४,९९९ रुपये झाले, एक रुपया परत). ३५० खर्च, उरले ६२७. ते ८३ ने मोडले की ५२,०४१, आणि तो सुटा रुपया. वर्कशीटच्या उत्तरापेक्षा ३,२०८ रुपये कमी. शिवाय फीवरचा जीएसटी वेगळा. इंटरनेटवर दिसतो तो दर या दोन्हींच्या मधला असतो. त्या दराने आपल्याला सहसा कुणी देतही नाही आणि घेतही नाही.

त्यात नावांचा घोळ. 'बाइंग' आणि 'सेलिंग' हे बँकेच्या बाजूने म्हटलेलं असतं. आपण डॉलर खरेदी करायला जातो तेव्हा बोर्डावरचा सेलिंगचा आकडा बघायचा. मी लक्षात ठेवायची एक युक्ती काढलीय: दोनपैकी जो दर आपल्याला तोट्याचा, तोच आपला. आजवर कधी चुकली नाही. :)

एका शिक्षक मित्राशी यावरून वाद घातला. तो म्हणाला, आधी संकल्पना तरी कळू दे रे, दोन दर दिले तर मुलं गोंधळतील. मला हे अजिबात पटत नाही. रद्दीवाला ज्या भावाने पेपर नेतो त्या भावाने पुढे विकत नाही, हे पोरांना कळतं. आईची जुनी अंगठी सोनार कमीच भावाने घेतो, हेही कळतं. गोंधळ होतो तो पुस्तकाने जग एकदम गुळगुळीत करून ठेवल्यामुळे. आपल्या दहावीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' असा चांगला धडा आहे, जीएसटी आहे, शेअर्स आहेत. त्यात या दोन दरांचं एक पान सहज बसेल.

आणि हे काही परदेशी खूळ नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती असे कितीतरी रुपये एकाच वेळी चालायचे. एका गावचा रुपया दुसरीकडे द्यायचा तर सराफ बट्टा कापून घ्यायचा. सराफ म्हणजे तेव्हा मुख्यतः नाणी पारखणारा आणि बदलून देणारा माणूस. नावाला बट्टा लागतो म्हणतो ना आपण, तोच हा बट्टा. १८३५ नंतर कंपनी सरकारचा एकसारखा रुपया आला आणि हळूहळू ती कटकट संपली. पण बट्टा हा शब्द माझ्या आजीला माहीत होता आणि मला नव्हता, ही काही प्रगती नव्हे.

शाळेत याच विषयावर किती भारी गणितं घालता येतील! ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. रुपया साडेछत्तीस टक्के पडला. मग डॉलर किती टक्के महाग झाला? बहुतेक इंजिनियर बेधडक साडेछत्तीसच सांगतात (मी हापिसात जेवताना विचारून पाहिलंय). उत्तर आहे साडेसत्तावन्न. घटना एकच, पाया बदलला की टक्के बदलतात. हे एकदा डोक्यात बसलं की बातम्या वाचताना निम्मे गैरसमज तिथेच मरतात.

किंवा परदेशात हॉटेलचं बिल देताना कार्डाचं मशीन विचारतं, रुपयांत देऊ की युरोत? रुपये ओळखीचे म्हणून आपण रुपये दाबतो. तिथे दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि बहुधा महागात पडतो. युरो दाबावं. मी पहिल्या ऑनसाईटला तीनदा रुपये दाबलेत. २०१९ नंतरसुद्धा! असो.

तर रात्री न राहवून बाबांना फोन केला आणि तो जुना हिशोब सांगितला. १,८१० अधिक ५,१३५. त्यांनी शांतपणे कागदावर लिहून घेतलं, बेरीज दोनदा तपासली.

"बरोबर आहे," म्हणाले. "अरे पण मग हे तेव्हाच सांगायचंस की. मी त्या काउंटरवरच्या पोराला सगळ्यांसमोर चोर म्हणून आलो होतो."